स्टीफन हिस्लॉप : दगडातील रानाचा वाचक

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे हे नाव सर्वपरिचित आहे. त्यामागील भूशास्त्रज्ञ मात्र विस्मृतीत गेला आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गावी १८१७ साली झाला. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपुरास आले. रायपूर व सारा छत्तीसगड तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. हिस्लॉप यांनी मराठी आत्मसात केली आणि १८४६ मध्ये शाळा काढली.

१८५१ साली सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत टाकळी येथे फिरताना त्यांना दगडात रुतलेला गोड्या पाण्यातील शंख आढळला. पुढे लाव्हारसाच्या थरांमध्ये दडलेल्या त्या गाळातून फळे, बिया व लाकूड हाती आले. कामठीच्या वालुकाश्मात पानांचे ठसे मिळाले. ही पाने कोणत्या वृक्षांची, हा प्रश्न त्यांनी लंडनच्या पंडितांपुढे ठेवला. १८६१ मध्ये बन्बरी यांनी त्यांचे वर्णन केले आणि एका पानास हिस्लॉप यांचे नाव दिले. त्या पानाचे कूळ मात्र अभ्यासकांना दीर्घकाळ छळीत राहिले. सायकसवर्गातून ते कॉर्डाइटीसकडे सरकले.

टाकळीचे थर हिस्लॉप यांनी तृतीयक युगातील मानले. आज ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, बहुधा क्रिटेशस युगाच्या अखेरचे मानले जातात. अनुमान चुकले, पण ज्या पुराव्यावर ते दुरुस्त करता आले, त्याचा पहिला संग्रह त्यांचाच होय.

हीच मूळशोधक वृत्ती त्यांना गोंडांच्या गीतांकडे घेऊन गेली. लिंगोची गोंडी गाथा त्यांनी लिहवून घेतली. परंतु ती छापलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले.

हिस्लॉप यांच्या हाती केवळ आकार होता : पानाची शीर, बीजाची घडण. आज आकार नष्ट झाला तरी रसायन साक्ष देते. गुजरातेतील वस्तानच्या खाणीत सापडलेली, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची अश्मीभूत राळ सालाच्या कुळातील वृक्षांची, असे तिच्या रेणूंवरून ठरले आहे. छत्तीसगडच्या अरण्यात सालाच्या खोडातून आजही राळ पाझरते. ती गोळा करणाऱ्याच्या हाताला चिकटते, तो एका फार जुन्या कुळाचाच वारसा असतो. टाकळीच्या दगडाला हिस्लॉप यांनी विचारलेला प्रश्न तोच होता. उत्तर देणारी साधने तेवढी बदलली.