टॉमी डग्लस आणि आपले हेल्थ कार्ड



आपल्या वर्गात शिवाजी महाराज, सावित्रीबाई आणि टिळक यांच्या गोष्टी आपण दरवर्षी वाचतो. त्या वाचायलाच हव्यात. पण ज्या देशात आपण राहतो तिथल्या थोर माणसांची ओळखही आपल्या मायबोलीतून व्हावी असे आम्हाला वाटते. म्हणून या अंकात टॉमी डग्लस यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

इथे कॅनडात डॉक्टरकडे जाताना आपण पैशांचा विचार करत नाही, फक्त हेल्थ कार्ड बरोबर घेतो. हे कार्ड ज्यांच्या प्रयत्नांमुळे आले, त्यांत डग्लस यांचे नाव सर्वांत आधी घेतात. २००४ साली सीबीसी वाहिनीने सर्वांत थोर कॅनेडियन कोण यासाठी देशभरातून मते मागवली, तेव्हा लोकांनी त्यांचीच निवड केली.

टॉमीचा जन्म २० ऑक्टोबर १९०४ रोजी स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क गावाजवळ झाला. वडील लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात कामगार होते. टॉमी लहानपणी पडला आणि त्याच्या उजव्या गुडघ्याला जखम झाली. ती चिघळून हाडापर्यंत गेली. बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या, पण पाय पुरता बरा झाला नाही. १९१०च्या सुमारास हे कुटुंब कॅनडात विनिपेग शहरी आले. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच परदेशातून आलेले कुटुंब!

विनिपेगला पायाचे दुखणे पुन्हा उलटले. मोठ्या सर्जनला द्यायला घरात पैसे नव्हते, म्हणून टॉमीला हॉस्पिटलच्या धर्मादाय वॉर्डात ठेवले होते. पाय कापावा लागेल असे तिथल्या डॉक्टरांचे मत पडले. तेवढ्यात हाडांचे एक नामांकित सर्जन विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डात आले. त्यांना ही केस शिकवण्याजोगी वाटली. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू देणार असाल तर फी घेणार नाही, असे त्यांनी आईवडिलांना कळवले. शस्त्रक्रिया झाली आणि पाय वाचला.

दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात ही गोष्ट नशीब म्हणून संपली असती. टॉमीने त्या सर्जनचे उपकार जन्मभर मानले, पण मोठेपणी त्याला एक प्रश्न पडला. सर्जन त्या दिवशी त्या वॉर्डात आलेच नसते तर? आणि श्रीमंताच्या मुलाला अशा योगायोगाची वाट का पाहावी लागत नाही? मुलाचा पाय राहणार की जाणार हे बापाच्या खिशावर ठरू नये, ही खूणगाठ त्याने मनाशी बांधली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कुटुंब परत स्कॉटलंडला गेले आणि युद्ध संपल्यावर पुन्हा विनिपेगला आले. टॉमी छापखान्यात उमेदवारी करू लागला. त्याच पायावर उभा राहून तो मुष्टियुद्ध शिकला, आणि १९२२ व १९२३ या दोन्ही वर्षी हलक्या वजनाच्या गटात मॅनिटोबा प्रांताचा विजेता ठरला. पुढे ब्रँडन कॉलेजात शिकून तो १९३० साली बॅप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला, आणि पत्नी अर्मा हिच्यासह सस्कॅचेवान प्रांतातल्या वेबर्न गावच्या चर्चमध्ये रुजू झाला.

ती मंदीची आणि दुष्काळाची वर्षे होती. गव्हाचा भाव कोसळला होता, पाऊस नव्हता आणि शेतातली माती वाऱ्यावर उडून जात होती. डॉक्टरांची फी लोक बटाटे आणि कोंबड्या देऊन भागवत. कित्येकांवर ते देण्याचीही वेळ उरली नव्हती. वेळेवर उपचार मिळाले असते तर वाचली असती, अशा माणसांचे अंत्यविधी या तरुण धर्मोपदेशकाला करावे लागले. नुसत्या प्रवचनाने हे सुटणार नाही हे डग्लस यांना कळून चुकले. शेतकरी आणि कामगार यांनी मिळून १९३२ साली कोऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, म्हणजे सीसीएफ, हा पक्ष काढला होता. डग्लस त्यात शिरले आणि १९३५ साली ओटावाच्या संसदेत निवडून गेले.

याच काळातली एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. १९३३ साली एम.ए.साठी लिहिलेल्या प्रबंधात डग्लस यांनी एक वाईट विचार मांडला होता. मतिमंद आणि दुबळ्या ठरवलेल्या माणसांना मुले होऊ नयेत यासाठी सरकारने त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी, असे त्यात होते. त्या काळी बरेच शिकलेले लोक असे बोलत. पुढे डग्लस यांनी हा विचार सोडला. आरोग्यखाते हाती आल्यावर तशा सूचना पुढे आल्या, तेव्हा त्यांनी त्या मान्य केल्या नाहीत. थोर माणसेही चुकतात. चूक धरून न बसणे हेही शिकण्यासारखे आहे.

सगळ्यांनी मिळून औषधोपचाराचा खर्च उचलावा ही कल्पना मात्र डग्लस यांच्या डोक्यातून एकाएकी निघालेली नव्हती. ती सस्कॅचेवानच्या खेड्यांत आधीच रुजली होती. १९१५च्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण म्युनिसिपालिटीतल्या शेतकऱ्यांनी आपला डॉक्टर गाव सोडून जाऊ नये म्हणून त्याला करातून वार्षिक रक्कम देऊ केली. व्हायलेट मॅकनॉटन या शेतकरी बाईंनी आपल्यासारख्याच शेतकरी स्त्रियांची संघटना उभारून प्रत्येक घराच्या आवाक्यात डॉक्टर, नर्स आणि सुईण असावी म्हणून चळवळ केली. १९१६ साली कायदा झाला आणि गावे एकत्र येऊन हॉस्पिटल बांधू लागली. १९२९ पासून क्षयरोगाचे उपचार या प्रांतात मोफत झाले. नॉर्वेहून आलेले मॅट अँडरसन हे शेतकरी वर्षानुवर्षे सभा घेत फिरले, आणि १९३९ साली त्यांच्या मॅककिलप भागात सर्वांसाठी डॉक्टरांची योजना सुरू झाली. यांच्यातला कोणीही मंत्री नव्हता. शाळेच्या खोलीत चार माणसे जमवायची, हिशेब मांडायचा आणि शेजाऱ्याला पटवायचे, एवढेच त्यांचे साधन होते.

१९४४ साली सस्कॅचेवानच्या निवडणुकीत सीसीएफने ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. डग्लस प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मुख्यमंत्री झाले आणि आरोग्यखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. त्यांनी पहिल्याच वर्षी डॉ. हेन्री सिगरिस्ट या अभ्यासकांकडून आरोग्याचा अहवाल करून घेतला. हेच सिगरिस्ट त्याच वर्षी भारतात भोर समितीला सल्ला देण्यासाठी गेले होते. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीनेही १९४६च्या अहवालात मांडले. सुटीत तुम्ही आजोळी जाता तेव्हा गावात प्राथमिक आरोग्य केंद्राची पाटी दिसते ना? त्या केंद्राची कल्पना याच अहवालातली.

डग्लस यांनी सगळे एकदम केले नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले नवा प्रोग्रॅम आधी एका विभागात चालवून पाहतो, चुका दुरुस्त करतो आणि मग सगळीकडे बसवतो. त्यांनीही तसेच केले. स्विफ्ट करंट भागातल्या लोकांनी स्वतः मतदान करून होकार दिला आणि १ जुलै १९४६ रोजी तिथे डॉक्टर व हॉस्पिटल यांची सार्वजनिक योजना सुरू झाली. १ जानेवारी १९४७ पासून संपूर्ण प्रांतात हॉस्पिटलचा विमा आला. हप्ता माणशी वर्षाला ५ डॉलर, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी ३० डॉलरच्या वर नाही. उरलेला खर्च करातून. १९५८ पासून केंद्र सरकार हॉस्पिटलच्या खर्चात वाटा देऊ लागले. हातात थोडे पैसे आल्यावर, डिसेंबर १९५९ मध्ये, डग्लस यांनी डॉक्टरांची फीसुद्धा सार्वजनिक विम्यातून देण्याची घोषणा केली.

ही योजना म्हणजे काय ते गणपतीच्या वर्गणीवरून समजेल. ज्याला जमेल तेवढे त्याने द्यायचे आणि प्रसाद मात्र सगळ्यांना सारखा. इथे सर्वांचे पैसे एकाच पेटीत जमा होतात आणि डॉक्टरांची बिले त्या एकाच पेटीतून दिली जातात. पैसे देणारा एकच असल्याने प्रत्येकाचा वेगळा हिशेब, वेगळी कंपनी, वेगळे नियम असा पसारा राहत नाही.

पण डॉक्टरांच्या संघटनेला हे पसंत पडले नाही. आपण सरकारचे नोकर होऊ, रोग्याला काय उपचार द्यायचे हे कारकून ठरवतील, अशी त्यांना भीती वाटत होती. १९६० साली याच प्रश्नावर निवडणूक झाली आणि डग्लस जिंकले. १९६१ साली ते न्यू डेमोक्रॅटिक पार्टी या नव्या पक्षाचे देशपातळीवरचे नेते झाले आणि वुड्रो लॉइड हे पूर्वीचे शिक्षक प्रीमियर झाले. १ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले.

तो संप २३ दिवस चालला. पहिल्याच दिवशी डॉक्टर शोधत फिरणाऱ्या एका आईबापांचे तान्हे मूल दगावले. लोकांचे दोन तट पडले, शेजारी शेजाऱ्याशी बोलेना. लॉइड यांनी धीर सोडला नाही. ब्रिटनमधून डॉक्टर आणले गेले. सस्कटून आणि प्रिन्स अल्बर्ट इथे लोकांनी एकत्र येऊन स्वतःचे सहकारी दवाखाने उघडले. ११ जुलैला विधानसभेसमोर योजनेविरुद्ध मोठी सभा झाली, पण अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी लोक आले. शेवटी लॉर्ड टेलर या ब्रिटिश डॉक्टरांनी मध्यस्थी केली आणि २३ जुलैला समझोता झाला. डॉक्टर सरकारचे नोकर झाले नाहीत, आणि पेटी एकच राहिली.

या सगळ्याची किंमत डग्लस यांना आधीच मोजावी लागली होती. जून १९६२ मध्ये ते रिजायना शहरातून संसदेची निवडणूक हरले. १९६४ साली लॉइड यांचे सरकारही गेले. पण नव्या सरकारला योजना मोडता आली नाही, कारण ती आता लोकांची झाली होती. न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने १९६४ साली ती सगळ्या देशात आणावी असे सुचवले. १९६६ साली संसदेत कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यात आले. काही ठिकाणी डॉक्टर रोग्याकडून वरचे पैसे घेत, त्याला १९८४च्या कॅनडा हेल्थ ॲक्टने आळा घातला. हे पाहून २४ फेब्रुवारी १९८६ रोजी डग्लस ओटावात वारले.

आज ही व्यवस्था परिपूर्ण आहे असे आम्ही म्हणणार नाही. लाखो लोकांना फॅमिली डॉक्टर मिळत नाही, इमर्जन्सीत तासन् तास बसावे लागते, शस्त्रक्रियेसाठी महिनोन् महिने थांबावे लागते. म्हणून ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला पुढचा नंबर मिळावा, असेही काही जण म्हणतात. पण आमच्यापैकी बहुतेकांनी भारतात हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी डिपॉझिट भरले आहे आणि त्यासाठी घरचे दागिने मोडलेले पाहिले आहेत. आजही आजीआजोबा पाहुणे म्हणून इथे येतात तेव्हा त्यांच्यासाठी खाजगी विमा घ्यावा लागतो, आणि आजोबांच्या छातीत दुखू लागले की बिल किती येईल याची धास्ती पोटात उठते. पेटीच्या बाहेर असणे म्हणजे काय, हे त्या वेळी कळते.

तेव्हा मुलांनो, रांग मोठी असेल तर ती लहान कशी होईल हे शोधायचे. रांगेत पैशाने पुढे जायची वाट काढायची नाही. तुमच्यातले कोणी डॉक्टर होतील, कोणी नर्स, कोणी हिशेबनीस, कोणी आमदार. ही व्यवस्था वरून आलेली नाही. ती शेतकऱ्यांनी, आयाबायांनी आणि एका दुखऱ्या पायाच्या मुलाने पन्नास वर्षे खपून उभी केली आहे. आता ती नीट सांभाळणे तुमच्या-आमच्याकडे आले आहे.