‘सँडो’ नावामागचा माणूस

बिनबाह्यांच्या बनियनला आपल्याकडे सर्रास ‘सँडो’ म्हणतात. हे नाव एका माणसाचे होते आणि शरीरसौष्ठव या क्रीडाप्रकाराचा पाया त्याने घातला, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

यूजेन सँडो यांचे मूळ नाव फ्रिडरिश विल्हेल्म म्युलर. २ एप्रिल १८६७ रोजी प्रशियातील कोनिग्झबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. लहानपणी आपण अशक्त होतो, वडिलांसोबत इटलीला गेलो असताना प्राचीन वीरांचे संगमरवरी पुतळे पाहिले आणि तसा देह घडविण्याचा निश्चय केला, असे ते पुढे सांगत. चरित्रकारांनी या कथेविषयी शंका घेतली आहे. मात्र, कथा खरी असो वा रचलेली, पुतळ्यांचा ध्यास खरा होता. आपल्या अवयवांचे प्रमाण त्या शिल्पांशी जुळावे, यासाठी त्यांनी नेटाने मेहनत केली.

१८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर सॅम्सन या नामांकित बलवानाचे आव्हान स्वीकारून त्यांनी त्याला हरविले आणि ते एका रात्रीत प्रसिद्ध झाले. १८९३ मध्ये शिकागोत फ्लोरेन्झ झिगफेल्ड यांनी त्यांचे प्रयोग लावले. लोक वजन उचलण्यापेक्षा स्नायू पाहायला अधिक येतात, हे तेथे उमगले. मग नुसते उभे राहून देहाचे दर्शन घडविणे हाच प्रयोगाचा गाभा झाला. १८९४ मध्ये एडिसन यांच्या कॅमेऱ्याने त्यांना चित्रफितीवर टिपले.

पुढे त्यांनी व्यायामसंस्था काढल्या, पुस्तके लिहिली, मासिक चालविले. कचेरीत बसून काम करणाऱ्यालाही घरच्या घरी डंबेल्स घेऊन शरीर कमावता येते, हा विश्वास त्यांनी दिला. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरविली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे परीक्षकांपैकी एक होते. नॉटिंगहॅमचे विल्यम मरे विजेते ठरले. त्यानंतरच्या जगप्रवासात सँडो हिंदुस्थानातही आले. जोर-बैठका आणि मल्लखांबाची परंपरा येथे आधीपासूनच होती. सँडोंच्या नावाने तिला डंबेल्सची जोड मिळाली.

१४ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुतळ्यांवरून प्रेरणा घेतलेल्या या माणसाच्या थडग्यावर अनेक दशके साधी नावाची शिळाही नव्हती. ती एकविसाव्या शतकात बसविली गेली. मात्र ‘मिस्टर ऑलिम्पिया’च्या विजेत्याला १९७७ पासून जो पुतळा दिला जातो, तो सँडो यांचाच. पुतळ्यासारखे व्हावे म्हणून झिजलेला देह अखेर स्वतःच पुतळा झाला आणि नव्या पिढ्यांची प्रेरणा ठरला.