पोर्टरांचे पुढारी ए. फिलिप रॅन्डॉल्फ



या पानावर आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. मे महिना कामकरी संत योसेफ यांच्या सणाने सुरू होतो, म्हणून या वेळी एका कामगार पुढाऱ्याची ओळख करून देत आहे. ते संत नव्हते आणि कॅथोलिकही नव्हते. मेथडिस्ट पाळकाचे हे चिरंजीव. तरुणपणी तर त्यांचे मन देवधर्मावरून उडालेच होते. पण मजुराच्या घामाचे मोल कोणी चुकते करायचे, हा पवित्र शास्त्रातला जुना प्रश्न त्यांनी आयुष्यभर लावून धरला.

आसा फिलिप रॅन्डॉल्फ यांचा जन्म १५ एप्रिल १८८९ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात क्रेसेंट सिटी येथे झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांविषयीचे ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले. मालक आणि मजूर यांनी आपसात ठरवली म्हणून मजुरी न्याय्य होत नाही, काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे त्यात भागलेही पाहिजे, असे पोप महोदयांनी त्यात शिकवले. फ्लॉरिडातल्या कृष्णवर्णीय पाळकाच्या घरी हे परिपत्रक पोचले नसणार. तरी पुढे त्या घरातल्या मुलाने जी लढाई केली ती याच मुद्द्यावर.

रॅन्डॉल्फ यांचे बालपण जॅक्सनव्हिल शहरात गेले. पाळक म्हणून मिळणाऱ्या पैशांत घर चालत नसे, म्हणून वडील शिवणकामही करीत. १९०७ साली शाळेत पहिला नंबर मिळवूनही मुलाच्या वाट्याला अंगमेहनतीचीच कामे आली. १९११ मध्ये ते न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गेले. दिवसा मिळेल ते काम आणि रात्री कॉलेजचे वर्ग. एका बोटीवर ते वेटर म्हणून लागले, पण बरोबरच्या वेटरांना एकत्र करू लागले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. १९१४ मध्ये ल्युसील ग्रीन या विधवेशी त्यांचे लग्न झाले. बाईंचे केशभूषेचे दुकान चांगले चालत असे. १९१७ मध्ये रॅन्डॉल्फ यांनी एका मित्राबरोबर ‘द मेसेंजर’ हे मासिक काढले, त्याचा तोटा पुष्कळदा याच दुकानातून भरून निघे. पुढाऱ्यांच्या चरित्रांत अशा बायकांच्या वाट्याला एखादी ओळ येते. इथे तर नवऱ्याच्या विचारांमुळे बाईंची गिऱ्हाइकेही तुटली.

आता पुलमन कंपनीविषयी सांगायला हवे. अमेरिकेत लांबच्या गाड्यांना या कंपनीचे झोपण्याचे डबे जोडले जात. गुलामगिरी संपल्यावर लगेचच जॉर्ज पुलमन यांनी पूर्वीच्या गुलामांना या डब्यांत पोर्टर म्हणून नेमायला सुरुवात केली. बिछाने घालणे, सामान चढवणे, रात्री प्रवाशांचे बूट चकचकीत करून ठेवणे ही त्यांची कामे. प्रवासी त्यांना नावाने हाक मारत नसत. सगळ्यांनाच ‘जॉर्ज’ म्हणत, कारण मालकाचे नाव जॉर्ज. पूर्वी गुलामाला धन्याच्या नावाने ओळखत, तीच ही रीत.

पगार फारच कमी होता. १९१५ मध्ये सरकारी आयोगासमोर चौकशी झाली तेव्हा पोर्टरचा सुरुवातीचा पगार महिना साडेसत्तावीस डॉलर असल्याचे उघड झाले. बाकीचे प्रवासी टिप देऊन भागवतील हे कंपनीने गृहीतच धरले होते. त्या आयोगासमोर साक्ष देणाऱ्यांत कंपनीचे माजी अध्यक्ष रॉबर्ट लिंकन होते. गुलामांना मुक्त करणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे हे सख्खे पुत्र! १९२६ पर्यंत पगार साडेसदुसष्ट डॉलरपर्यंत चढला, पण त्यासाठी महिन्याला ४०० तासांच्या आसपास काम पडे. गाडी सुटण्यापूर्वी डबा तयार करण्याचा वेळ त्यात धरत नसत. जेवणाचा खर्च पोर्टरचा आणि बुटांच्या पॉलिशचाही पोर्टरचाच.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा न्यायाचा विचार आम्ही अभ्यासला. ज्याचे जे देणे आहे ते त्याला देणे हा न्याय, आणि दानाचा प्रांत त्यापुढचा. प्रवासी खिशातून नाणे काढून पोर्टरच्या हातावर ठेवतो, त्याला वाटते आपण गरिबाला दान केले. पण त्या नाण्यामुळे कंपनीचे पगाराचे पैसे वाचत असतील, तर ते दान खरे म्हणजे मिळाले कोणाला? पोप पायस अकरावे यांनीही १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात हेच बजावले की न्यायाने जे द्यायचे ते बुडवून त्या जागी दानधर्म चालणार नाही. शिवाय टिपेवर जगणाऱ्याला प्रत्येक अपमान हसून गिळावा लागतो, कारण त्याची रोजची भाकर समोरच्याच्या मर्जीवर असते. लग्नाच्या हॉलमध्ये रात्री बारापर्यंत ताटे उचलणारी मुले आपण पाहतो. निघताना त्यांच्या हातावर काही ठेवणारे लोक आपल्या धर्मग्रामात आहेत, त्यांचे कौतुकच आहे. पण या मुलांना रात्रीचे किती देणार, हे केटररला हॉल ठरवतानाच विचारणारे यजमान मला क्वचितच भेटले.

२५ ऑगस्ट १९२५ रोजी हार्लेममध्ये पोर्टरांची संघटना स्थापन झाली आणि रॅन्डॉल्फ तिचे अध्यक्ष झाले. ते स्वतः कधीच पोर्टर नव्हते. म्हणूनच तर पोर्टरांनी त्यांना बोलावले, कारण कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. तास कमी करा आणि टिपेची गरजच उरू नये असा पगार द्या, ही त्यांची मुख्य मागणी. ऐकून काही पोर्टर घाबरले. लांबच्या गाड्यांवर बरी टिप मिळे, ती गेली तर काय, ही त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती.

कंपनीने संघटनेच्या माणसांना कामावरून कमी केले, मागे हेर लावले. १९२७ मध्ये रॅन्डॉल्फ यांनी टिपेचा प्रश्न रेल्वेवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगापुढे नेला. १९२८ मध्ये आयोगाने सांगून टाकले की हा आमच्या अखत्यारीतला विषय नाही. त्याच वर्षी जूनमध्ये संप जाहीर झाला आणि ऐन वेळी मागे घ्यावा लागला. ‘द मेसेंजर’ही त्याच वर्षी बंद पडले. पुढे मंदी आली. हजारोंची सदस्यसंख्या काही शेकड्यांवर आली, कार्यालयाची वीज तोडली गेली. रॅन्डॉल्फ झिजलेल्या सुटात फिरत. सुट मात्र नीट इस्त्री केलेला असे.

१९३४ मध्ये रेल्वे कामगारांचा कायदा सुधारला आणि पुलमनचे पोर्टर त्याच्या कक्षेत आले. १९३५ मध्ये मतदान झाले, त्यात बहुसंख्य पोर्टरांनी रॅन्डॉल्फ यांच्या संघटनेला मत दिले. अखेर २५ ऑगस्ट १९३७ रोजी, स्थापनेला बारा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे तास ४०० वरून २४० वर आले आणि पगारात सगळ्यांची मिळून साडेबारा लाख डॉलरची वाढ झाली. टिप बंद झाली नाही, प्रवासी देतच राहिले. पण पोर्टरच्या घरची चूल आता त्यावर अवलंबून राहिली नाही.

इतर सेवकांचे मात्र तसे झाले नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा झाला, तासाला २५ सेंट. काही स्टेशनांवर लाल टोपीच्या हमालांना मिळालेली टिपच त्या वेतनात धरली जाऊ लागली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९४२ मध्ये निकाल हमालांच्या विरुद्ध लागला. ते स्टेशन होते जॅक्सनव्हिलचे, रॅन्डॉल्फ लहानाचे मोठे झाले त्या गावचे.

१९४१ मध्ये मोर्चाची नुसती तयारी करून त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील वर्णभेदाविरुद्ध आदेश काढायला लावला. पुढे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा मार्ग उघडपणे पुरस्कारला. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन लूथर किंग यांचे भाषण गाजले, पण मोर्चाची कल्पना आणि नेतृत्व ७४ वर्षांच्या रॅन्डॉल्फ यांचे. ल्युसीलबाई त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारल्या होत्या. मोर्चाच्या मागण्यांत तासाला दोन डॉलर किमान वेतन होते, आणि कायद्यातून वगळलेल्या सर्व कामगारांना त्यात घ्या, हीही मागणी होती.

त्या दिवशीची सुरुवातीची प्रार्थना आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे वॉशिंग्टनचे आर्चबिशप पॅट्रिक ओबॉइल यांनी म्हटली. एका तरुण वक्त्याच्या भाषणातील जहाल शब्दांमुळे ते व्यासपीठावर येईनासे झाले होते. रॅन्डॉल्फ यांनी त्या तरुणाला जवळ घेऊन विनवले की मी या दिवसाची आयुष्यभर वाट पाहिली आहे, तो मोडू नका. तरुणाने शब्द बदलले. ओबॉइल यांनी आपल्या धर्मप्रांतातील शाळांमध्ये काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसवले होते, म्हणून त्यांना दोष देणे मला जमत नाही; पण त्या दिवशी वाकले ते रॅन्डॉल्फ.

१९६६ मध्ये हॉटेल आणि उपाहारगृहांतील नोकरांना किमान वेतनाच्या कायद्यात घेतले गेले, पण अर्ध्या रकमेपर्यंत गिऱ्हाइकाची टिप धरण्याची मुभा मालकांना मिळाली. ती मुभा अजून आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने स्वतः द्यायची रक्कम १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट इतकीच आहे. टिप धरूनही किमान वेतन भरत नसेल तर उरलेले मालकाने द्यायचे असते. अनेक राज्यांनी आपापले दर याहून वर नेले आहेत.

पुलमनचे झोपण्याचे डबे चालवणे कंपनीने १९६८ च्या अखेरीस थांबवले. पोर्टरांची संघटना १९७८ मध्ये रेल्वे कारकुनांच्या मोठ्या संघटनेत विलीन झाली. त्यानंतरच्या वर्षी, १६ मे १९७९ रोजी, रॅन्डॉल्फ न्यूयॉर्कमध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले. त्यांना मूलबाळ नव्हते.