लॅटिनच्या बाई आणि हिमशिखर

राजगडच्या सहलीला मुलीच्या जातीने कशाला जायचे, असे घरी विचारले गेले, तेव्हा मला ॲनी पेक आठवली. १८५० साली अमेरिकेत जन्मलेली ही विदुषी पेशाने लॅटिनची अध्यापिका! भाऊ शिकले त्या ब्राउन विद्यापीठाने मुलगी म्हणून तिला नाकारले. तिने मिशिगनची पदवी मिळवली. १८९५ मध्ये ती मॅटरहॉर्न चढली, पण गाजली तिची विजार!

व्याख्याने देऊन पैसे जमवीत ती पेरूतील वास्कारानकडे पुन्हापुन्हा गेली. १९०८ साली, सत्तावन्न वर्षांची असताना, तिने उत्तर शिखर सर केले. मात्र त्या चढाईत वाटाड्या रुडॉल्फला हिमदंश झाला. त्याने हाताची बोटे आणि पायाचा भाग गमावला. उंची २४,००० फूट असावी हा तिचा अंदाजही चुकला. प्रतिस्पर्धी फॅनी वर्कमनने मोजणी करवून शिखर दोन हजार फुटांनी ठेंगणे ठरवले.

तरी ती थांबली नाही. १९११ मध्ये कोरोपुनावर तिने स्त्रियांच्या मताधिकाराचा फलक लावला. ब्याऐंशी वर्षांची असताना ती माउंट मॅडिसन चढली. १९३५ मध्ये ती निवर्तली.

तिला मी देवी मानत नाही. रुडॉल्फची बोटे विसरता येत नाहीत. घरी मात्र पुन्हा विचारणार आहे. परवानगी मिळालीच, तर वर पोचण्याइतकीच सर्वांना सुखरूप खाली आणण्याची काळजी घेईन.