पडद्याआडचा शिल्पकार : कोरोल्योव्ह

जाड कागदाच्या प्रतिकृती करणाऱ्या आम्हा हौशी मंडळींना सोव्हिएत ‘व्होस्टोक’ अग्निबाण फार प्रिय. १:१०० या प्रमाणात तो सुमारे ३८ सेंटीमीटर उंच भरतो. मधल्या खांबाभोवती मी चार निमुळते शंकू चिकटवतो आणि तळाशी मोठ्या झोतांच्या २० सुरळ्या बसवतो. इंजिने पाच, प्रत्येकाचे ज्वलनकक्ष चार; म्हणून वीस!

हा अग्निबाण उभारणारे सेर्गेई कोरोल्योव्ह १९०७ साली युक्रेनमधील झितोमिर येथे जन्मले. तरुणपणी त्यांनी ग्लायडर बांधले आणि स्वतः उडवलेही. १९३८ साली खोट्या आरोपावरून त्यांना अटक झाली. कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत सक्तमजुरी करताना दात गेले, प्रकृती ढासळली. पुढे कैदी म्हणूनच ते विमानांच्या आराखड्यांवर राबले. सुटका झाली १९४४ मध्ये. ज्या राजवटीने छळले, तिच्यासाठीच त्यांनी ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक आणि १२ एप्रिल १९६१ रोजी गागारिन यांना अंतराळात धाडले.

गागारिन यांचे नाव जगभर दुमदुमले. कोरोल्योव्ह यांचे नाव मात्र सरकारी गुपित होते. वृत्तपत्रांत ते केवळ ‘मुख्य रचनाकार’. १४ जानेवारी १९६६ रोजी मॉस्कोत शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचा अंत झाला. त्यानंतर ‘प्रावदा’ने त्यांचे नाव छापले. ते वाचायला ते स्वतः मात्र उरले नव्हते.