पक्षिमित्र डॉ. सलीम अली

आश्विन महिना लागला, पावसाळा सरला आणि आकाश निवळलें, म्हणजे आमच्या छत्रपती संभाजीनगराच्या उत्तरेस, दिल्ली दरवाजाजवळच्या तळ्यावर दूरदेशचे पाहुणे उतरूं लागतात. हें तळें जुनें आहे. पूर्वीं त्यास खिजरी तलाव असें म्हणत. हल्लीं त्याचें नांव सलीम अली सरोवर असें आहे. हें नांव बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलें असेल. परंतु हा पुरुष कोण, असा प्रश्न किती जणांच्या मनांत आला असेल? ह्या नगरीनें मलिक अंबर पाहिला, औरंगजेब बादशहा पाहिला. सलीम अली मात्र राजा नव्हता, सरदार नव्हता. इतकेंच काय, विद्यापीठाची परीक्षा देऊन मिळणारी साधी पदवीहि त्याच्यापाशीं नव्हती. तरीहि एका तळ्यास त्याचें नांव लाभलें. तें कां, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली ह्यांचा जन्म ता. १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं मुंबईंत एका सुलेमानी बोहरी कुटुंबांत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे होतात न होतात तोंच पित्याचें छत्र हरपलें, आणि तिसऱ्या वर्षीं मातेचेंहि. ह्या पोरक्या लेकरांस खेतवाडींतील मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम ह्यांनीं आपल्या पंखाखालीं घेतलें. मामामामींस स्वतःचें मूल नव्हतें. हींच त्यांचीं मुलें झालीं. सलीमनें पहिले धडे गिरगांवांतील एका मिशनच्या मुलींच्या शाळेंत, दोघी बहिणींच्या सोबतीनें गिरविले.

त्या काळीं मोठ्या घरांतील मुलांस शिकारीचा छंद असे. सलीमच्या हातीं छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या टिपणें हा त्याचा खेळ झाला. दहा-बारा वर्षांचा असतां एके दिवशीं त्यानें एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तों तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! अशी चिमणी खाण्यास चालते कीं नाहीं, अशी शंका येऊन तो मामांकडे गेला. मामांसहि उत्तर ठाऊक नव्हतें. येथें मामांनीं जें केलें, तें प्रत्येक वडील माणसानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ते मुलावर रागावले नाहींत, कीं कांहींतरी थातुरमातुर सांगून त्यांनीं त्यास वाटेस लावलें नाहीं. १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते सभासद होते. त्या संस्थेच्या चिटणिसांकडे त्यांनीं मुलास चिमणीसह धाडलें.

मुलगा भीत भीतच साहेबांपुढें उभा राहिला. चिटणीस मिलर्ड साहेबांनीं ती चिमणी हातीं घेऊन पाहिली, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचें सांगितलें, आणि जतन करून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्यास उघडून दाखविला. आपल्या देशांत इतक्या जातींचे पक्षी नांदतात, हें त्या मुलास त्या दिवशीं प्रथम कळलें. उतारवयांत, १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी आत्मचरित्रास त्यांनीं चिमणीच्या पडण्याचेंच नांव दिलें. जमिनीवर पडणारी चिमणीहि स्वर्गीय पित्याच्या नजरेआड नसते, ही शुभवर्तमानांतील शिकवण आपण जाणतोंच. त्या एका चिमणीच्या मरणाचें मोल मात्र सलीम अली ह्यांनीं पुढें आयुष्यभर फेडलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

शाळेंतील त्यांची प्रगति अभिमानानें सांगण्याजोगी नव्हती. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीनें त्यांस ग्रासलें. हवापालटासाठीं सिंधमध्यें धाडावें लागलें. १९१३ सालीं ते कसेबसे मॅट्रिक झाले. पुढें सेंट झेविअर्स कॉलेजांत नांव घातलें, परंतु गणिताशीं त्यांचें सूत कधीं जुळलें नाहीं. १९१४ सालीं शिक्षण अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशांत तव्हॉय येथें घरच्या खाणीच्या व लांकडाच्या व्यापारावर देखरेख करण्यास गेले. तेथील घनदाट अरण्यांत व्यापाराकडे थोडें आणि पक्ष्यांकडे फार, असें त्यांचें लक्ष असे. १९१७ सालीं ते मुंबईस परतले आणि हिशेब व व्यापारी कायदा शिकूं लागले. त्या वेळीं सेंट झेविअर्स कॉलेजांतील फादर ब्लॅटर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञ धर्मगुरूंनीं ह्या तरुणाचा खरा ओढा ओळखला, व प्राणिशास्त्राचे वर्गहि करण्याविषयीं त्याचें मन वळविलें. १९१८ च्या डिसेंबरांत त्यांचा तेहमिना बेगम ह्यांच्याशीं विवाह झाला. ब्रह्मदेशांतील व्यापार पुढें बुडाला आणि पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला.

पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा मागितली, ती पदवी नसल्यामुळें मिळाली नाहीं. अखेर १९२६ सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमांत प्रेक्षकांस प्राण्यांची माहिती सांगण्याची नोकरी लागली. दोन वर्षांनीं रजा काढून ते जर्मनीस गेले, आणि बर्लिन येथें प्रोफेसर श्ट्रेसेमान ह्यांच्या हाताखालीं त्यांनीं शास्त्रशुद्ध अध्ययन केलें. ह्याच प्रवासांत त्यांस हेल्गोलंड बेटाचा लाभ झाला. ह्या बेटाविषयीं चार शब्द अधिक सांगितले पाहिजेत.

हेल्गोलंड हें उत्तर समुद्रांतील एक चिमुकलें बेट, जर्मनीच्या किनाऱ्यापासून सुमारें तीस मैल दूर. शरद ऋतूंत उत्तरेकडील थंडीपासून निघालेले असंख्य पक्षी समुद्र ओलांडतांना येथें घटकाभर टेंकतात. कित्येक रात्रीं दीपगृहाच्या प्रकाशाभोंवतीं त्यांचे थवे घिरट्या घालतात. गेट्के नांवाच्या एका चित्रकारानें गेल्याच्या आधल्या शतकांत तेथें सुमारें पन्नास वर्षें राहून हे पाहुणे टिपून ठेविले होते, व १९१० सालीं तेथें पक्षिनिरीक्षणाचें केंद्र स्थापन झालें होतें. पक्षी न मारतां त्यास ओळखण्याची युक्ति सलीम अली तेथें शिकले. पक्षी जाळ्यांत धरावयाचा, त्याच्या पायांत ॲल्युमिनियमचें हलकें कडें घालावयाचें, कड्यावर अनुक्रमांक व संस्थेचा पत्ता, आणि वहींत नोंद करून पक्ष्यास पुन्हां मोकळें सोडावयाचें. तो पुढें कोठें सांपडला आणि सांपडविणाऱ्यानें कळविलें, तर त्याच्या प्रवासाचीं दोन टोकें हातीं येतात. ही रीत डेन्मार्कमधील मॉर्टेनसेन नांवाच्या शिक्षकानें १८९९ सालीं सुरू केली होती. एका शाळामास्तराच्या छंदांतून एवढें शास्त्र उभें राहिलें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत घ्यावें.

१९३० सालीं ते परतले तों म्युझियमांतील जागा पैशाच्या अभावीं रद्द झालेली! पदरीं विद्या होती, पण पगार नव्हता. तेव्हां पतिपत्नी अलिबागेजवळ किहीम ह्या समुद्रकांठच्या खेड्यांत तेहमिना बेगमांच्या माहेरच्या घरीं राहण्यास गेलीं. दुसरा एखादा कपाळास हात लावून बसला असता. सलीम अली घराजवळच्या सुगरणींच्या घरट्यांसमोर तासन् तास बसून राहिले. नर अर्धवट घरटें विणतो, मादी येऊन तें पारखते, तिला पसंत पडलें तरच तो तें पुरें करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठीं दुसरें घरटें आरंभतो, हें त्यांनीं जगापुढें मांडलें. बेकारीच्या त्या दिवसांनींच त्यांस कीर्ति मिळवून दिली.

किहीमसारख्या किनाऱ्यावर शरद ऋतूंत जो उभा राहील, त्यास दिसणारें दृश्य विलक्षण असतें. समुद्राची गाज शांत होऊं लागते, आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवर तुतवार व चिखले धांवूं लागतात; लाटांवर सुरय आणि कुरव पंख पसरतात. ह्यांतील कित्येक कुरव जन्मानें समुद्रावरचे नव्हेतच. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकांठीं अंडीं घालतो, आणि हिमालय ओलांडून हिंवाळ्यापुरता आमच्या किनाऱ्यास येतो. वर्षाकाळीं हंस मानस सरोवराकडे जातात, हें आमच्या संस्कृत कवींस फार पूर्वींपासून ठाऊक होतें. परंतु अमुक एक पक्षी अमुक ठिकाणाहून निघाला आणि अमुक ठिकाणीं पोंचला, हें काव्यानें कळत नाहीं. त्यास पायांतील कडेंच हवें.

ह्यानंतर सलीम अली ह्यांनीं एक धाडसी मार्ग काढला. संस्थानिकांनीं प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च सोसावा, आपण त्यांच्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी वेतनावांचून करूं, असें त्यांनीं सुचविलें. त्याप्रमाणें १९३१-३२ सालीं निजामाच्या हैदराबाद राज्याची पाहणी झाली. आपला हा जिल्हा त्या वेळीं त्याच राज्यांत होता, हें येथें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. पुढें कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशीं संस्थानें त्यांनीं पालथीं घातलीं. तेहमिना बेगम रानावनांतील तंबूंत त्यांच्यासमवेत राहत. १९३९ सालीं एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचें निधन झालें. हा घाव जिव्हारीं लागणारा होता. सलीम अली बहीण व मेहुणे ह्यांच्या घरीं राहूं लागले, आणि उरलेलें सारें आयुष्य त्यांनीं पक्ष्यांस वाहिलें. त्यांनीं पुन्हां विवाह केला नाहीं.

१९४१ सालीं त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघालें. सामान्य माणसास पक्षी ओळखण्याची गोडी लावणारें तसें पुस्तक विरळा. १९४५ सालीं कच्छच्या रणांत जाऊन त्यांनीं रोहित पक्ष्यांची अफाट वसाहत डोळ्यांनीं पाहिली. अमेरिकेंतील पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली ह्यांच्या सहकार्यानें लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ ह्या काळांत प्रसिद्ध झाला.

हेल्गोलंड बेटावरील विद्येस फळ येण्यास मात्र तीस वर्षें लागलीं. १९५७ सालीं तेव्हांच्या म्हैसूर राज्यांत शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या रानांत माकडें पटापट मरूं लागलीं, व माणसांसहि तापानें गांठलें. ह्या रोगाचे विषाणु सैबेरियांतील एका रोगाच्या विषाणूंशीं मिळतेजुळते निघाले. तेव्हां स्थलांतर करणारे पक्षीच अंगावरील गोचिडींबरोबर हा रोग आणीत असावेत, असा संशय आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें १९५९ पासून सोसायटीनें पक्ष्यांस कडीं घालण्याचें काम हातीं घेतलें, आणि त्याची धुरा सलीम अली ह्यांनीं वाहिली. पक्ष्यांवरील आरोप शाबीत झाला नाहीं. परंतु मुंबईचें कडें घातलेले पक्षी सैबेरियापर्यंत सांपडले, आणि हे पाहुणे कोठून येतात ह्याचा पुरावा मिळूं लागला.

ह्या चरित्रांतील एक गोष्ट आम्ही झांकून ठेवूं इच्छित नाहीं. सलीम अली ह्यांनीं शास्त्रासाठीं पुष्कळ पक्षी मारले, आणि संग्रहासाठीं असें करणें त्यांस अयोग्य वाटत नसे. त्या काळच्या शास्त्राची रीतच तशी होती. तथापि, ज्या हातानें बालपणीं गंमत म्हणून चिमणी पाडली, त्याच हातानें पुढें पक्ष्याच्या पायांत कडें घालून त्यास आकाशांत सोडलें, आणि भरतपूरचें सरोवर व केरळांतील सायलेंट व्हॅली हीं वांचविण्यासाठीं लेखणी धरली. माणूस एकाच दिवसांत बदलत नाहीं. पाहतां पाहतां बदलतो. येथें पाहणें हा शब्द आम्हीं जाणूनबुजून योजिला आहे.

मान त्यांच्याकडे चालत आले. १९५८ सालीं पद्मभूषण, १९७६ सालीं पद्मविभूषण, १९८५ सालीं राज्यसभेचें सभासदत्व. पदवी नसल्यामुळें ज्यास नोकरी नाकारली गेली, त्यास अलिगढ, दिल्ली व आंध्र ह्या तीन विद्यापीठांनीं सन्मानानें डॉक्टर केलें. १९७६ सालीं मिळालेल्या गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनीं पक्ष्यांच्या कार्यासच दिली. ता. २० जून १९८७ रोजीं, नव्वदी ओलांडून, मुंबईंत त्यांनीं देह ठेविला.

त्याच्या आदल्याच वर्षीं, १९८६ सालीं, आमच्या पैठणचा नाथसागर पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय समुद्रापासून कितीतरी दूर आहे. तथापि हिंवाळ्यांत तेथें चक्रवाक, क्रौंच व रोहित ह्यांच्याबरोबर कुरवहि दिसतात. समुद्र पाहण्यास आम्हांस घाट उतरावा लागतो, परंतु समुद्राचे पक्षी मात्र आमच्या दारीं येतात. आणि आमच्या शहरांतील तळ्याचें काय? सांडपाणी आणि जलपर्णी ह्यांनीं तें वेळोवेळीं ग्रासलें आहे. पाटीवर थोर पुरुषाचें नांव लिहिणें सोपें. त्या नांवास शोभेल असें पाणी राखणें अवघड. हें ऋण आपणां सर्वांच्या माथीं आहे.

पालकांस आमची एवढीच विनंती, कीं मुलानें आणलेल्या चिमणीस हंसूं नये. गुणपत्रिकेंतील गणिताचा आंकडा पाहून मुलाच्या आयुष्याचा हिशेब मांडूं नये. ज्याचें उत्तर आपल्यापाशीं नाहीं, तें कोणापाशीं आहे तें शोधून मुलास तेथें पाठवावें. सलीमचे मामा, मिलर्ड साहेब आणि फादर ब्लॅटर ह्या तिघांनीं ह्याहून अधिक कांहीं केलें नाहीं. परंतु तेवढ्यानें एक आयुष्य उभें राहिलें.

आणि विद्यार्थिमित्रांनो, ता. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रांत पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याचा शेवटचा दिवस सलीम अली ह्यांच्या जन्माचा. त्या दिवशीं पहांटे तळ्याच्या कांठीं अर्धा तास गुपचूप उभे रहा. जो पक्षी दिसेल त्याचा रंग, चोंच व चाल वहींत लिहून ठेवा. नांव न आलें तरी चिंता नाहीं. नांव सांगणारा कोणीतरी भेटेल. बंदूक नको, दगड नको, केवळ डोळे आणि धीर बरोबर असूं द्या. सलीम अली ह्यांचें खरें भांडवल तेवढेंच होतें.