तूट शोधणारा डॉक्टर

जोसेफ ब्लॅक हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानावरून शाळेत ओझरते गेलेले असते. मला हा माणूस आवडतो तो त्याच्या हिशेबीपणासाठी. उमेदीची वर्षे मी बँकेत काढली. रोकड आणि वही जुळल्याशिवाय उठायचे नाही, ही तिथली शिस्त. ब्लॅकने तीच रसायनशास्त्राला लावली.

त्याचा जन्म १७२८ चा, फ्रान्समधल्या बोर्दो शहरातला. वडील मद्याचे व्यापारी, घराणे मूळचे स्कॉटिश. ग्लासगोला विल्यम कलेनसारखा गुरू भेटला आणि रसायनाची गोडी लागली. पुढे वैद्यकाची पदवी घ्यायला तो एडिंबरोला गेला. मूतखड्याने त्या काळी माणसे तळमळत आणि खडा विरघळावा म्हणून चुन्याची जहाल औषधे पोटात घेत. कोणत्या चुन्याचे पाणी गुणकारी, यावर तिथल्या दोन प्राध्यापकांत वाद पेटलेला. त्या भांडणात न पडता ब्लॅकने सौम्य पदार्थ निवडला. त्याचे नाव मॅग्नेशिया आल्बा, म्हणजे पांढरी मॅग्नेशिया.

इंग्लंडमधल्या एप्सम गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कडू मिठापासून त्याने ही पूड केली, तापवली आणि तोलली. वजन निम्म्याहून कमी भरले! ही तूट सस्पेन्स खात्यात टाकून तो मोकळा झाला नाही. निसटला होता एक वायू, आपण ज्याला आज कार्बन डायऑक्साइड म्हणतो तो. तापवलेली पूड आम्लात विरघळवून, क्षार घालून त्याने पुन्हा खाली बसवली, तेव्हा जवळजवळ मूळचे वजन परत आले. मॅग्नेशिया आणि चुना हे वेगळे पदार्थ आहेत, हेही सिद्ध झाले. हे काम १७५६ साली छापले गेले. त्यातला धातू, मॅग्नेशियम, हम्फ्री डेव्हीने वेगळा केला तो १८०८ साली.

ब्लॅक नाजूक प्रकृतीचा, अविवाहित, पण मित्रांचा लोभी. जेम्स वॅटला प्रयोगांसाठी त्याने कर्ज दिले. १७७६ साली डेव्हिड ह्यूमच्या अखेरच्या आजारात डॉक्टर म्हणून तो जवळ होता.

त्याच्या पांढऱ्या पुडीतल्या धातूची थोरवी पुढे कळली. आपल्या शरीरात मॅग्नेशियम असते जेमतेम २५ ग्रॅम. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, रक्तात एक टक्काही नाही. तरी तीनशेहून अधिक विकरांचे काम त्यावर चालते. स्नायू सैल पडणे, हृदयाचे ठोके नियमित राहणे, यांत त्याचा वाटा आहे. बाजरी, नाचणी, तीळ, शेंगदाणे, डाळी, पालेभाज्या यांतून ते सहज मिळते. धान्य पांढरेशुभ्र होईतो सडले की बरेचसे कोंड्याबरोबर जाते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या गोळ्या घेऊ नयेत.

आणि ते एप्समचे मीठ? तेच मॅग्नेशियम सल्फेट आज इंजेक्शनच्या रूपात प्रसूतिगृहात लागते. गरोदरपणी रक्तदाब वाढून येणारे झटके आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला.

ब्लॅक १७९९ साली गेला, मोजूनमापून घेतलेले साधे जेवण चालू असताना, खुर्चीत बसल्या बसल्या. मित्रांनी लिहून ठेवले आहे, की दुधाचा पेला त्याच्या मांडीवर तसाच सरळ होता. थेंबभरही सांडला नव्हता.